गवत सांगतं, भिंत कुठे आहे

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपासून समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. त्याच्यासमोर हर्णैच्या किनाऱ्यावरचा छोटा फत्तेगड मात्र शोधावा लागतो. त्यावर आता कोळीवस्ती आहे. पडक्या गडांचे चिरे घरांसाठी जातात, उरलेलं जोतं मातीखाली.

असं गाडलेलं बांधकाम न खणता ओळखायचं कसं? पाऊस सरला की गवत पाहावं. भिंतीवर मातीचा थर पातळ, म्हणून उथळ कुंडीसारखी ओल लवकर संपते आणि गवत आधी पिवळं पडतं. बुजलेल्या खंदकात माती खोल, तिथे ते हिरवंच राहतं. जवळून नुसती ठिगळं वाटतात, उंचावरून सरळ रेषा. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात वेल्समध्ये विमानातून रोमन वास्तूंचे आराखडे असेच उमटलेले दिसले. जांभ्याच्या उघड्या सड्यावर मात्र ही युक्ती फसते. तिथे माती सगळीकडेच पातळ, म्हणून सगळंच गवत एकदम वाळतं.