जितका खप, तितका तोटा
(लेखमाला : पेपर कुणाचा, वाचक कुणाचा?)

आज तरवडीला जायचं ठरलं होतं. नेवासे तालुक्यातल्या त्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी चालवलेल्या ‘दीनमित्र’बद्दल लिहीन, असं मागच्या वेळी कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यात. कारण सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांनी नेमकी दुखरी जागा दाबलीय. ते लिहितात, ‘विचाराचा पेपर त्या विचाराचा वाचक गोळा करतो, हे पटलं. पण वाचक गोळा झाला की पेपर तरला, असं तुम्ही धरूनच चाललाय. लाखो वाचक असताना पेपर बुडाल्याचं एखादं तरी उदाहरण आहे का?’

आहे, आणि ते लहानसहान नाही. रोज वीस लाख अंकांचा टप्पा ब्रिटनमध्ये ज्याने सर्वांत आधी गाठला, तोच पेपर बुडाला. नाव ‘डेली हेरल्ड’. या पेपरचा मला फार जुना नाद आहे, तेव्हा आजचा लेखांक थोडा भरकटला तर चालवून घ्या.

हेरल्डचा जन्मच मुळी संपातला. जानेवारी १९११ मध्ये लंडनच्या छापखान्यांत खिळे जुळवणाऱ्या कामगारांनी ४८ तासांच्या आठवड्यासाठी संप केला. आपली बाजू कुठलाच पेपर छापत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचं पत्रक काढलं. छापायची कला हातात होतीच. संप मिटला आणि पत्रकही थांबलं, पण चटक लागली होती. १५ एप्रिल १९१२ रोजी तोच हेरल्ड रीतसर दैनिक म्हणून निघाला. तारीख बघा : त्याच पहाटे टायटॅनिक बुडाली होती. इतर पेपरांत धनिकांची आणि सरदार-उमरावांची नावं गाजत होती. हेरल्डने विचारलं, तिसऱ्या वर्गातली माणसं आणि जहाजावरचे कामगार इतक्या मोठ्या प्रमाणात कसे मेले? बातमी एकच, पण पेपर ती कुणासाठी लिहितोय हे पहिल्याच आठवड्यात उघड झालं. तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या माणसाला आपला पेपर सापडला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात हेरल्ड साप्ताहिक झाला, मार्च १९१९ मध्ये पुन्हा रोजचा झाला. संपादक जॉर्ज लॅन्सबरी, पुढे मजूर पक्षाचे नेते झाले ते. त्याच वर्षी मे महिन्यात विल डायसनचं ते प्रसिद्ध व्यंगचित्र आलं : शांतता परिषदेतून बाहेर पडणारे चार बडे नेते, त्यांच्यातल्या फ्रान्सच्या क्लेमन्सोला कुठेतरी मूल रडल्यासारखं वाटतंय, आणि खांबाआड रडणाऱ्या त्या उघड्या पोराच्या डोक्यावर लिहिलंय ‘१९४० चा वर्ग’, म्हणजे त्या वर्षी लढायला जाणारी पिढी. दुसरं युद्ध कधी येणार, हे डायसनने वीस वर्षं आधी जवळपास अचूक सांगून ठेवलं. असा तडफदार पेपर, त्यामुळे खप वाढतच गेला.

आणि इथेच घोटाळा झाला. लॅन्सबरींनी नंतर कबूलच केलं की खप वाढला तोच आमच्या मुळावर आला. जितके अंक जास्त विकले, तितके पैसे जास्त बुडाले.

हे ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. अंक ज्या किमतीला विकला जातो त्यात कागदसुद्धा धड निघत नाही. छपाई, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन, बातमीदारांचे पगार, हा सगळा खड्डा जाहिराती भरतात. तुमच्या दारात सकाळी पडणारा मराठी पेपरही असाच चालतो, म्हणून तर नुसत्या रद्दीतून त्याचे थोडेफार पैसे परत येतात. जाहिराती भरपूर असतील तर प्रत्येक नवा वाचक हा फायदा. जाहिराती नसतील तर प्रत्येक नवा वाचक म्हणजे घरी जेवायला आलेला आणखी एक पाहुणा. महायुद्धानंतर कागद भयंकर महागला होता. १९२० मध्ये हेरल्डला किंमत एका पेनीवरून दोन पेनी करावी लागली. म्हणजे ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे, त्यालाच महाग पेपर! भरपूर जाहिरातींचा पेपर स्वस्त आणि गरिबांचा महाग, ही त्या काळच्या फ्लीट स्ट्रीटची, म्हणजे लंडनच्या पेपरवाल्यांच्या गल्लीची, खरी गंमत.

आता हिऱ्यांची गोष्ट सांगतोच, तिच्यावाचून हेरल्ड पुरा होत नाही. त्याच १९२० साली पेपर कर्जात बुडालेला असताना फ्रान्सिस मेनेल नावाच्या संचालकाने रशियातून आलेले झारकाळातले हिरे चोरून इंग्लंडात आणले. कशातून? चॉकलेटमधून. हिरे बाहेर काढायचे, विकायचे, आणि ते ७५ हजार पौंड हेरल्डला द्यायचे असा बेत होता. कुणकुण लागली तेव्हा हेरल्डने जे केलं ते आज कुठला पेपर करेल असं मला वाटत नाही : पहिल्याच पानावर वाचकांनाच विचारलं, हे रशियन पैसे घ्यावेत का? शेवटी पैसे घेतले नाहीत आणि मेनेल संचालकपदावरून गेले. दोन वर्षांनी पेपर ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या, म्हणजे कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेच्या, ताब्यात गेला.

आपल्याकडे ‘मूकनायक’ निघाला तोही १९२० च्या जानेवारीतच. त्याच्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. महाराजांचा पैसा उघड होता आणि रशियाचा लपवाछपवीचा, हा फरक लहान नाही. पण ज्या वाचकाकडे कुणी जाहिरातदार फिरकत नाही, त्याचा पेपर काढायला पदरमोड करणारं कुणीतरी लागतंच, मग ते कोल्हापूर असो की लंडन.

१९३० मध्ये मात्र हेरल्डला एक व्यापारी भागीदार मिळाला. ओडम्स या छपाई कंपनीने ५१ टक्के वाटा घेतला, ४९ टक्के संघटनांकडे राहिला. राजकीय धोरण संघटनांचं, धंदा ओडम्सचा. आणि धंदा म्हणजे काय तर घरोघरी फिरणाऱ्या विक्रेत्यांची फौज. पेपर लावा आणि भेट घ्या : कॅमेरे, ज्ञानकोश, डिकन्सच्या समग्र साहित्याचे सोळा खंड. प्रतिस्पर्धी पेपरही मग डिकन्स वाटायला लागले. इंग्लंडातल्या कितीतरी खाणकामगारांच्या घरी डिकन्स आला तो या भांडणापायी. आपल्याकडच्या वार्षिक वर्गणीवर डबे आणि बादल्या देणाऱ्या योजनांचा मूळपुरुष हाच, असं मी गमतीने म्हणतो. १९३३ मध्ये वीस लाखांचा आकडा गाठला. यातले किती वाचक समाजवादासाठी आले आणि किती डिकन्ससाठी, हे ओडम्सनाही ठाऊक नसावं.

इतका खप असेल तर जाहिराती धो धो यायला हव्यात ना? तिथेच खरी मेख आहे. जाहिरातदार डोकी मोजत नाही, खिसे मोजतो. ब्रिटनमध्ये वाचकांची अ, ब, क अशी प्रतवारी घरच्या कर्त्या माणसाच्या कामावरून करतात. आपल्याकडे ती कर्त्याचं शिक्षण आणि घरातल्या अकरा वस्तूंपैकी किती आहेत यावरून होते. विजेची जोडणी, छताचा पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन, रंगीत टीव्ही, संगणक, मोटार, एसी आणि, हे वाचून तुम्ही हसाल, शेतजमीन. तुम्ही अग्रलेख किती बारकाईने वाचता याचा या मोजणीत कुठेही रकाना नाही. हेरल्डचा वाचक बहुतांशी पुरुष, कामगार, आणि वर्षं सरतील तसा वयस्कर होत चाललेला. चिवट, निष्ठावान, पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा. पण मोटार, फर्निचर, परदेशची सहल, असलं काही त्याला विकता येत नव्हतं. यात कुणाचा कट होता असं मी मानत नाही. जाहिरात कंपनीतल्या माणसाचा हेरल्डवर राग असण्याची गरजच नव्हती. त्याने फक्त पाढे म्हटले.

शेवटच्या वर्षाचे, १९६४ चे, आकडे बघा. अंकांचा खप सुमारे साडेबारा लाख आणि प्रत्यक्ष वाचक सुमारे ४७ लाख : ‘टाइम्स’, ‘गार्डियन’ आणि ‘फायनान्शियल टाइम्स’ या तिघांच्या एकत्रित वाचकांच्या जवळजवळ दुप्पट. राष्ट्रीय दैनिकांच्या एकूण खपात हेरल्डचा वाटा ८.१ टक्के, जाहिरातींच्या उत्पन्नात मात्र फक्त ३.५ टक्के. त्या तिघांपैकी कुणालाही ‘तुमचे वाचक कमी आहेत’ असं कुणी म्हणालं नाही. सांगलीकरांना हवं होतं ते उदाहरण हे.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी हेरल्डचा वकील आहे असं वाटेल. पेपर पुढेपुढे कंटाळवाणा झाला होता. ४९ टक्क्यांचे मालक म्हणजे कामगार संघटनांचे पदाधिकारी. त्यांच्या परिषदांचे ठराव छापायचे आणि पक्षाला अडचण होईल ते जपून लिहायचं. टायटॅनिकच्या आठवड्यातली धार राहिली नव्हती. जुन्या वाचकाने निष्ठेपोटी ते सोसलं, त्याच्या मुलाने सोसलं नाही. हा आरोप मला अर्धा मान्य आहे. अर्धाच, कारण कंटाळवाणे असूनही सुखाने जगलेले पेपर मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचे वाचक फक्त योग्य मोहल्ल्यात राहत होते.

१९६१ मध्ये ओडम्सला ‘मिरर’वाल्यांनी गिळलं. हेरल्ड सात वर्षं चालवू असा शब्द दिला होता. तीन वर्षांतच नाव बदललं. मार्क अब्राम्स या पाहणीतज्ज्ञाकडून त्यांनी समाज कसा बदलतोय याचा अभ्यास करून घेतला आणि ठरवलं की जुना कामगार वाचक ठेवायचा, शिवाय त्यालाच शिकला-सवरलेला, कमावता, पुरोगामी तरुण जोडायचा. १५ सप्टेंबर १९६४ रोजी नवा पेपर आला. नाव ‘द सन’. दोन्ही वाचक एका पानावर बसेनात. खप हेरल्डहूनही खाली घसरला आणि १९६९ मध्ये मालकांनी तो रूपर्ट मर्डॉकला कवडीमोलाने देऊन टाकला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संपातून जन्मलेल्या पेपरचा हा वारस १९७९ च्या निवडणुकीत थॅचरबाईंच्या पाठीशी उभा राहिला. आणि वाचक? तो बहुतांशी कामगारच होता, फक्त तरुण, आणि संख्येने प्रचंड. म्हणजे गरिबाचा पेपर फायद्यात चालतच नाही, असं म्हणून भागत नाही. चालतो, पण त्यासाठी खप अफाट लागतो, आणि इतका खप एका विचारावर उभा राहत नाही. ‘सन’ने तो विनोद, खेळ आणि उघड्या पोरींवर उभा केला. त्याच्या वाचकांतले कितीतरी जण पेपर ‘सन’ घेत आणि मत मजूर पक्षाला देत. आपला पेपर कुठल्या बाजूचा आहे याचा त्यातल्या अनेकांना पत्ताही नव्हता.

‘न्यूज क्रॉनिकल’ची हकीकत याहून कडू आहे, पण थोडक्यात. उदारमतवादी दैनिक, चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्याचं, खप दहा लाखांच्या वर. सुएझच्या लष्करी कारवाईला त्याने विरोध केला होता. ऑक्टोबर १९६० मध्ये ते एका रात्रीत ‘डेली मेल’मध्ये विलीन झालं. आयुष्यभर ज्या पेपरवर नाक मुरडलं, तोच सकाळी दारात येऊन पडलेला. काहींनी तो परत केला, बऱ्याच जणांनी वाचायला घेतला.

सांगलीकरांच्या पत्रात शेवटी एक पुरवणी प्रश्न आहे : मग विचाराचा पेपर जगतो तरी कसा? कम्युनिस्टांचा ‘डेली वर्कर’ १ जानेवारी १९३० ला निघाला. घाऊक वितरकांनी सुरुवातीची वर्षं तो उचललाच नाही. कार्यकर्ते गठ्ठे स्वतः वाहून नेत. १९४१ मध्ये त्यावर बंदी आली, आणि ती घालणारे गृहमंत्री मजूर पक्षाचे. युद्धानंतर तो वाचकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा झाला : शेअर कितीही घ्या, मत एकच. १९६६ पासून नाव ‘मॉर्निंग स्टार’. जाहिराती जवळपास नाहीत. वाचकांच्या देणग्यांवर चालतो. सोव्हिएत युनियन त्याचे हजारो अंक गठ्ठ्याने विकत घेत असे. ती खरेदी १९८९ मध्ये अचानक थांबली, आणि पेपर त्यानंतरही निघत राहिला.