नव्या शाळेच्या उंबरठ्यावर : गटमार्गदर्शन आणि मैत्री

जून महिन्यात शाळा उघडतात, तेव्हा ग्रामीण भागातील असंख्य मुले-मुली गावातील जिल्हा परिषदेची शाळा सोडून शेजारच्या मोठ्या गावातील माध्यमिक विद्यालयात दाखल होतात. कोणी पाचवीत, तर कोणी आठवीत हा टप्पा ओलांडतो. दाखला, गणवेश आणि पुस्तके यांची तजवीज पालक व शिक्षक करतात. परंतु नव्या वर्गात आपल्या शेजारी कोण बसेल, ही मुलाच्या मनातील चिंता बहुधा कोणाच्याच ध्यानी येत नाही.

गावच्या शाळेत एकच गुरुजी बहुतेक विषय शिकवीत आणि प्रत्येकाचे घर ओळखीत. विद्यालयात दर तासाला शिक्षक बदलतात व चार-पाच गावांची मुले एका वर्गात येतात. दहा ते एकोणीस हे किशोरवय मानले जाते. या वयात शरीर व मन झपाट्याने बदलत असते आणि वडीलधाऱ्यांच्या शाबासकीइतकेच, किंबहुना अधिक, मोल सवंगड्यांच्या स्वीकाराला येते. ज्याला कोणी नावाने हाक मारीत नाही, तो मागच्या बाकावर बसतो. गणितातील शंका विचारण्यास संकोचतो. हळूहळू गैरहजर राहू लागतो. अभ्यास मागे पडला की शाळा सुटण्यास वेळ लागत नाही. मुलीच्या बाबतीत तर शाळा सुटल्यानंतर घरात लग्नाचा विषय निघण्याचा धोका असतो.

मैत्री हुकमाने होत नाही हे खरे; तथापि तिच्यासाठी अनुकूल परिस्थिती निर्माण करता येते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यास सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. सहवास आणि सामायिक काम यांतून परकेपणा कसा ओसरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

गटमार्गदर्शनाचे तत्त्व हेच आहे. नव्याने आलेल्या आठ-दहा विद्यार्थ्यांचा एक गट करावा. त्यात निरनिराळ्या गावांची मुले असावीत. मात्र प्रत्येकाला निदान एक जुना सोबती लाभेल, अशी योजना करावी. एक शिक्षक आणि नववीतील दोन समंजस विद्यार्थी गटाचे मार्गदर्शक असावेत. आठवड्यातून एक तासिका गटासाठी राखून ठेवावी. प्रारंभी वेळापत्रक, ग्रंथालय, स्वच्छतागृह व एस. टी.च्या वेळा यांची माहिती द्यावी. पुढे वृक्षारोपण, भित्तिपत्रक किंवा खेळ यांसारखे काम सोपवावे. कारण नुसत्या गप्पांपेक्षा हाताला मिळालेल्या कामातून मुले लवकर मोकळी होतात. गैरहजर सोबत्याची विचारपूस करून त्याला वही देण्याची जबाबदारी गटाने घ्यावी. वर्षभर गट मोडू नये.

काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. कोणाच्याही घरची अडचण गटात जाहीरपणे विचारू नये. मोठ्या विद्यार्थ्यांना शिक्षा करण्याचा अधिकार देऊ नये. त्यांची निवड केवळ गुणांवरून करू नये. छळ, मारहाण अथवा लैंगिक अत्याचार यांची शंका आल्यास तो विषय गटापुरता न ठेवता मार्गदर्शक विद्यार्थ्याने तो तात्काळ शिक्षकांस सांगावा व शिक्षकांनी कायद्यानुसार कारवाई करावी. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक शाळेत ठळकपणे लावावा.

पंचायत सदस्यांचा वाटाही लहान नाही. शाळेच्या रस्त्यावर मैत्री जुळते आणि भीतीही तेथेच वाटते. कोणत्या वस्तीवरून कोण एकटे जाते, याची यादी करून सोबत जाणाऱ्या मुला-मुलींचे जथे ठरविणे, एस. टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळावी म्हणून आगाराकडे पाठपुरावा करणे, ही कामे गावाच्या आवाक्यातील आहेत.

या उपक्रमास वेगळी इमारत लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. आठवड्यातील एक तासिका व शिक्षकांची आस्था एवढीच त्याची गरज आहे. पहिल्या पंधरवड्यात ज्या मुलाला नव्या शाळेत एक मित्र मिळाला, त्याला दुसऱ्या दिवशी शाळेत येण्यास एक कारण मिळाले, असे समजावे.