उपचार अर्ध्यावर का सुटतात?

अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया या खाण्याच्या विकारांचे रुग्ण उपचार मध्येच सोडतात, हे सर्रास घडतं. २००९च्या एका आढाव्यात दाखल रुग्णांमध्ये गळतीचं प्रमाण अभ्यासागणिक २० ते ५१ टक्के, तर बाह्यरुग्णांमध्ये २९ ते ७३ टक्के आढळलं. ‘तिलाच बरं व्हायचं नाही,’ असं म्हणून घरचे मोकळे होतात. हा तिच्यावर अन्याय आहे.

सुरुवातीचे आठवडे शरीरालाच जड जातात. दीर्घ उपासमारीनंतर जठर सावकाश रिकामं होतं. अर्धी पोळी आणि वाटीभर वरण खाल्लं तरी पोट तट्ट फुगतं, घोट्यांवर सूज येऊ शकते. काट्यावरचा आकडा चढतो, त्यात बराच भाग कधी कधी नुसत्या पाण्याचा असतो. पण जिला वजनाचीच धास्ती, तिला तो आकडा म्हणजे भीती खरी ठरल्याचा पुरावा वाटतो. जेवण टाळून दाबलेली चिंताही नेमकी याच वेळी उसळते.

उपासमार विचारही बदलते. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं; त्यांच्याही डोक्यात सतत अन्नच घोळू लागलं, चिडचिड आणि एकलकोंडेपणा वाढला.

कधी वजन भरताच ‘झाली बरी’ म्हणून घरचेच दवाखान्याच्या फेऱ्या थांबवतात. मनातली भीती तेव्हा तशीच असते. उपचार सोडावेसे वाटताहेत, हे डॉक्टरांना आधी सांगावं. उपचारांचा आराखडा बदलता येतो. सरकारी टेली-मानस हेल्पलाइन: १४४१६.