निर्दोष कार्डिओग्राम म्हणजे काय?

कारखान्यातील वैद्यकीय तपासणीनंतर कामगाराच्या हाती बारीक चौकटींचा एक कागद पडतो. त्यावर ‘नॉर्मल’ असा शेरा असला की तो घडी घालून ठेवून देतो. नसला की रात्रभर तळमळतो. त्या कागदावर काय आहे, हे मात्र दोन्ही वेळी त्याला ठाऊक नसते. मी डॉक्टर नव्हे. परंतु पगाराची चिठ्ठी वाचता येणे जितके आवश्यक, तितकीच या कागदाचीही तोंडओळख आवश्यक आहे, असे मी मानतो.

हृदयाचा स्नायू आकुंचन पावण्याच्या आधी त्यातून विजेची एक सूक्ष्म लहर जाते. ती अचूक टिपणारे यंत्र हॉलंडमधील लायडन येथे विल्लेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. त्या वेळी रोग्याला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज हातापायांवर चार व छातीवर सहा टोके लावून बारा बाजूंनी नोंद घेतात. यंत्र शरीरात वीज सोडत नाही. शरीरातली वीज केवळ टिपते.

आता कागद पाहू. तो सामान्यतः सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. म्हणून एक मिलिमीटरचा लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूस पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. गिरणीच्या भोंग्याप्रमाणे प्रत्येक ठोक्याचा इशारा तेथून निघतो. तो दोन्ही कर्णिकांत पसरला की कागदावर लहान, गोलसर ‘पी’ लहर उमटते. पुढे इशारा मधल्या नाक्यावर क्षणभर अडतो. ही अडवणूक उपयोगाची आहे. तेवढ्यात कर्णिकांतील रक्त खालच्या जवनिकांत उतरते. ‘पी’च्या आरंभापासून पुढच्या लहरीच्या आरंभापर्यंतचा हा काळ ०.१२ ते ०.२० सेकंद, म्हणजे तीन ते पाच लहान चौकोन, असावा. मग जवनिकांत इशारा झपाट्याने पसरतो आणि ‘क्यू-आर-एस’ हा अणकुचीदार सुळका उठतो. तो तीन लहान चौकोनांहून अरुंद हवा. त्यानंतरची रेषा बहुतेक पायरेषेला धरून चालते, आणि शेवटी ‘टी’ ही रुंद लहर येते. जवनिका पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत् होत असल्याची ती खूण. उजव्या खांद्याच्या बाजूने घेतलेल्या ‘एव्हीआर’ या नोंदीत लहरी उलट्या दिसतात. ते स्वाभाविक आहे, घाबरू नये.

ठोके नियमित असतील, तर दोन ‘आर’ शिखरांमधील मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागावे. चार चौकोन असतील तर मिनिटाला ७५ ठोके. विश्रांतीत ६० ते १०० हे प्रमाण ठीक समजतात. कसलेल्या खेळाडूचे ठोके याहून कमी असू शकतात, आणि तरुणांत श्वासाबरोबर ठोक्यांतील अंतर थोडे बदलते. केवळ एवढ्यावरून कोणाला रोगी ठरवून कामावरून बाजूला सारणे योग्य नव्हे. यंत्राने आपोआप छापलेला शेरा हा निकाल नसतो. निकाल डॉक्टरांनी माणूस तपासून द्यावयाचा असतो. जुना कागद मात्र जपून ठेवावा. नव्याशी ताडून पाहिल्यावर डॉक्टरांना पुष्कळ उलगडा होतो.

आता अत्यंत महत्त्वाची गोष्ट. नेहमीचा कार्डिओग्राम म्हणजे सुमारे दहा सेकंदांची नोंद. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असूनही विश्रांतीतला आलेख निर्दोष येऊ शकतो. इतकेच नव्हे, तर हृदयविकाराचा झटका आलेला असतानाही पहिल्या आलेखात काही न दिसणे शक्य आहे. म्हणूनच रुग्णालयात तो पुनःपुन्हा काढतात व रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. तेव्हा छातीवर दडपण आले, कळ हातात वा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर मागच्या महिन्याच्या ‘नॉर्मल’ शेऱ्यावर विसंबून पाळी संपेपर्यंत थांबू नका. शेजाऱ्याला हाक मारा, १०८ क्रमांक फिरवा आणि रुग्णालय गाठा. एका दिवसाची मजुरी बुडेल. पण ती भरून काढता येते.