राजपुत्राची गाडी आणि मावळचे यजमान

ब्रिटिश राजघराण्यातलं कोणी हिंदुस्थानात आलं, की त्या भेटीच्या इतिहासात तोफांची सलामी, कमानी आणि मेजवान्याच जास्त जागा खातात. पण पाहुणा काय बोलला याहून यजमानांनी त्याच्याकडून काय साधून घेतलं, हे तपासलं तर भेटीचा खरा अर्थ हाती लागतो. मावळातून हे बरं दिसतं. १८६३ मध्ये बोर घाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि १८७५ च्या नोव्हेंबरात युवराज एडवर्ड, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, पुण्याला आला. घाटात खंडाळ्याजवळ तेव्हा गाडीचं तोंड फिरवावं लागे. युवराज असला तरी त्यातून सुटका नव्हती! त्याचा नातू, पुढचा आठवा एडवर्ड, १९२१ मध्ये आला तेव्हाही ती पद्धत चालूच होती.

ही १९२१ ची भेट सगळ्यांत बोलकी. १७ नोव्हेंबरला युवराज मुंबईत उतरला. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता आणि शहरात दंगल उसळली. दोनच दिवसांनी पुण्यात भांबुर्ड्याला त्याच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. कोल्हापूरचे शाहू महाराज यामागे होते. याला राजनिष्ठेचं प्रदर्शन म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मराठा पलटणींनी महायुद्धात रक्त सांडलं होतं आणि त्या जातीचा अभिमान सरकारलाही हवा होता. तरी १८९७ आठवावं. शिवराज्याभिषेकाच्या उत्सवाबद्दल ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली होती. ज्या नावाच्या उत्सवात सरकारला द्रोह दिसला, त्याच नावाच्या स्मारकाची कोनशिला चोवीस वर्षांनी सरकारचाच युवराज बसवत होता. शिवाय बहुजनांचा शिवाजी राजमान्य करून घेण्याची ब्राह्मणेतर चळवळीची गरज त्यातून भागली. शाहूंनी बहिष्काराच्या लाटेविरुद्ध जाऊन हे पदरात पाडून घेतलं. १९२८ मध्ये करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा उभा राहिला. तो पाहायला महाराज मात्र राहिले नाहीत, १९२२ मध्येच ते वारले.

आता या सौद्याची दुसरी बाजू. त्याच १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला होता. टाटांच्या वीजधरणाखाली मुळशी खोऱ्यातली भातखाचरं बुडणार होती आणि सेनापती बापटांसारखे नेते शेतकऱ्यांच्या बाजूने उतरले होते. बारा मावळांच्या मुलखातल्या, शिवाजीचे मावळे ज्या मातीतले त्या मातीतल्या या माणसांच्या जमिनी जात असताना, पुण्यात त्यांच्या राजाचा सन्मान चालला होता. दोन्हींचा थेट संबंध नव्हता, हे खरं. पण मान्यता कशाला मिळाली आणि कशाला नाही, हे यातून कळतंच. दगडातला शिवाजी सरकारला परवडला, खाचरं राखणारा मावळा परवडला नाही. धरण झालं. त्याचं पाणी आजही सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरून वीज करतं.

स्वातंत्र्यानंतर भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला. राणी एलिझाबेथ १९६१, १९८३ आणि १९९७ मध्ये आली, ती पाहुणी म्हणून. मावळाशी जोडलेली भेट मात्र २००३ ची, आणि तीही मुंबईत. युवराज चार्ल्स चर्चगेट स्थानकावर डबेवाल्यांना भेटला. हे डबेवाले बहुतेक मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातले. भेट त्यांच्या कामाच्या जागी झाली आणि ती डब्यांच्या वेळेत बसवावी लागली. २००५ मध्ये चार्ल्सच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा दोघे डबेवाले लंडनला गेले. डबेवाल्यांनी वधूवरांसाठी साडी-पागोट्याचा आहेर केला होता. आहेर देणारा बरोबरीच्या नात्याने मांडवात येतो, नजराणा देणारा मान झुकवून. हा फरक मला मोठा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, हा छायाचित्रांचा खेळ. साहेबाने पाठ थोपटल्याशिवाय आपल्याला आपलीच माणसं दिसत नाहीत. दुसरा भाग मान्य करायलाच हवा. परदेशी कौतुकानंतर डबेवाल्यांची आपल्याकडची वाहवा वाढली. मात्र डबेवाल्यांनी ते कौतुक आपल्या कामाच्या जाहिरातीसाठी वापरलं, आणि १९२१ मध्ये शाहूंनी जे केलं तेच यांनी पुतळ्याऐवजी पोटासाठी केलं. एवढंच, की डब्याचा दर आणि दाटीच्या गाडीत पाट्या घेऊन चढण्याची कसरत राजपुत्राच्या भेटीने बदलली नाही, आणि तशी अपेक्षा त्यांनीही धरली नव्हती.