अतिघामावरील शस्त्रक्रियेचे दीर्घकालीन परिणाम : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल ठेवून लिहिणारे विद्यार्थी पर्यवेक्षण करणाऱ्या प्राध्यापकांच्या परिचयाचे असतात. तळहातांना उष्णतेशिवायही सतत घाम येण्याच्या या विकारास प्राथमिक अतिघाम म्हणतात. तो बहुधा बालपणी वा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि झोपेत थांबतो. त्यावर शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. परंतु तिचा निर्णय ज्या वयात घेतला जातो, त्या वयात पंधरा वर्षांनंतरच्या परिणामांचा विचार क्वचितच होतो.

शस्त्रक्रियेचे स्वरूप : तळहातांच्या स्वेदग्रंथींना अनुकंपी चेतासंस्थेकडून संदेश मिळतात. या चेतांची साखळी छातीत पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असते. काखेजवळच्या लहान छेदांतून दुर्बीण घालून ती साखळी ठरावीक बरगडीपाशी छेदतात किंवा क्लिपने दाबतात. हात बहुतेकांचे तत्काळ कोरडे होतात.

दीर्घकालीन परिणाम : व्हिएन्ना येथील ४८० शस्त्रक्रियांचा आढावा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी पाठपुरावा १४.६ वर्षांचा होता. मूळ घाम परत येण्याचे प्रमाण जेमतेम १.५ टक्के, तरीही पूर्ण समाधानी रुग्ण ६६.७ टक्केच होते, आणि समाधान काळाबरोबर घटत गेले होते. कारण ६७.४ टक्के रुग्णांना भरपाईचा घाम, म्हणजे पाठ, पोट, मांड्या येथे नव्याने येणारा घाम, सुरू झाला, ५०.७ टक्क्यांना जेवताना चेहऱ्यावर घाम येऊ लागला. केवळ काखेतील घामासाठी शस्त्रक्रिया केलेल्यांत पूर्ण समाधानी एक तृतीयांशच होते. तैवानने २००४ मध्ये वीस वर्षांखालील व्यक्तींवर ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. क्लिप काढल्यावर सर्व पूर्ववत होईल, याचीही शाश्वती नसते.

स्थानिक संदर्भ : भरपाईचा घाम उष्णतेने व श्रमाने वाढतो. व्हिएन्नाचा उन्हाळा सौम्य. बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेत असून एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे व्हिएन्नाचे आकडे येथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. उसाच्या फडात वा औद्योगिक वसाहतीतील शेडमध्ये काम करणाऱ्यास कोरड्या हातांपेक्षा भिजलेला सदरा अधिक जाचक ठरू शकतो.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सैन्याच्या वैद्यकीय निकषांनुसार तळहात-तळपायांना लक्षणीय घाम येणारा उमेदवार अपात्र ठरतो; तपासणीच्या ताणाने येणारा थोडा घाम मात्र स्वाभाविक मानला जातो. अपात्रतेच्या भीतीपोटी शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे, की धावणे आणि ऊन हीच भरपाईच्या घामाची प्रमुख निमित्ते आहेत.

अन्य उपाय : ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण, साध्या पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची पद्धत, घाम कमी करणाऱ्या गोळ्या, बोट्युलिनम विषाची इंजेक्शने हे उपाय आधी करून पाहता येतात. इंजेक्शनांचा परिणाम काही महिनेच टिकतो, आणि ती खर्चिकही आहेत. पण नको वाटल्यास हे सर्व उपाय थांबविता येतात. मात्र घाम सर्वांगास येत असेल, रात्री झोपेतही अंथरूण भिजत असेल, वजन घटत असेल, तर तो प्राथमिक अतिघाम नव्हे. अशा विद्यार्थ्याची क्षयरोग व थायरॉइड यांसाठी आधी तपासणी व्हावयास हवी.