'माफी' म्हणजे 'नाही' : परमुलखातला सांस्कृतिक धक्का आणि अंजनवेलचा किनारा

परदेशात राहून नोकरी करणाऱ्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत जी अस्वस्थता, चिडचिड आणि एकटेपणाची भावना घेरते, तिला 'सांस्कृतिक धक्का' अशी संज्ञा आहे. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ द जानेरो येथे दिलेल्या व्याख्यानामुळे ती रूढ झाली आणि १९६० मध्ये ते व्याख्यान लेखरूपाने छापले गेल्यावर सर्वत्र पोहोचली. ओबर्ग यांचे विवेचन असे की, रोजच्या व्यवहारात माणूस असंख्य बारीक खुणांच्या आधाराने वावरत असतो. कोणाला कशी हाक मारावी, 'जेवून जा' हे आग्रहाने म्हटलेले आहे की रीतीखातर, समोरच्याचे गप्प राहणे होकाराचे की रागाचे, हे त्याला आपल्या गावात विचार न करता कळते, आणि या खुणा एकाएकी नाहीशा झाल्या की शरीराने धडधाकट असलेला माणूसही लहान मुलासारखा अगतिक होतो. त्यांनी नोंदवलेली लक्षणे तर साधी वाटावीत अशी आहेत: पुन्हा पुन्हा हात धुणे, पिण्याच्या पाण्याची आणि अन्नाची नाहक धास्ती, क्षुल्लक दिरंगाईवरून उसळणारा संताप आणि घरच्या एखाद्या पदार्थाची अनावर ओढ.

या धक्क्याचा एक जुना धागा कोकणच्या किनाऱ्यावर सापडतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे गाव वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावर, गोपाळगडाच्या शेजारी वसलेले आहे, आणि समोरच्या तीरावर दाभोळ हे एके काळचे मोठे बंदर आहे. बहमनी काळात येथे अरबस्तानातून आणि खुरासानातून घोडे उतरत, आणि याच बंदरातून अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासासाठी हुर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्व्हेर या शहराहून निघून तो वाटेत लुटला गेला, चौलला उतरला, जुन्नर आणि बीदर येथे राहिला, आणि ओबर्ग यांच्या सुमारे पाचशे वर्षे आधी त्याने सांस्कृतिक धक्क्याचे अत्यंत प्रांजळ वर्णन लिहून ठेवले. गोरा माणूस पाहायला लोकांचे घोळके मागे लागतात, हे त्याने नोंदवले आहे. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेऊन धर्मांतराची अट घातली, हेही नोंदवले आहे. मात्र त्याला सर्वांत खोल टोचणी होती ती दिनदर्शिका हरवल्याची. धर्मग्रंथ लुटले गेल्यामुळे ईस्टर कधी येतो, उपास कोणत्या दिवशी सुरू करावा, हे त्याला कळेनासे झाले, आणि भोवतालच्या मुसलमानांच्या रोज्यांबरोबर तो अंदाजाने उपास करत राहिला. परमुलखात माणसाच्या हातून पहिल्यांदा निसटतो तो काळ, हे या नोंदीइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

आजच्या कोकणातून बाहेर जाणाऱ्यांची वाट बव्हंशी त्याच दिशेची आहे. १९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या, आखाती देशांत बांधकामाला उधाण आले, आणि रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांतून, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतून, कुवेत, सौदी अरेबिया, बहरीन आणि दुबईकडे तरुणांची रीघ लागली. आपल्या धर्माच्या देशात जायचे असल्याने परके वाटणार नाही, अशी समजूत त्यांपैकी अनेकांची असते, आणि म्हणूनच त्यांना बसणारा धक्का विशेष अभ्यासण्यासारखा आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई पंथाचे आहेत, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राच्या चार सुन्नी परंपरांपैकी एका परंपरेप्रमाणे ते नमाज अदा करतात; त्यांच्या गावच्या मशिदीत पहाटेच्या, म्हणजे फजरच्या नमाजेत दुसऱ्या रकातीला, म्हणजे दुसऱ्या आवर्तनात, रुकूनंतर (कमरेत वाकून झाल्यावर) उभे राहून, हात उचलून 'कुनूत' ही प्रार्थना रोज म्हटली जाते आणि मागचे सारे 'आमीन' म्हणतात. सौदी अरेबियात हंबली परंपरा प्रमुख असल्याने तेथील इमाम रोजच्या फजरला कुनूत न म्हणता थेट सजद्यात जातो, म्हणजे कपाळ जमिनीला टेकतो. लहानपणापासून हात उचलायची सवय असलेल्या माणसाचे हात त्या क्षणी अर्धवट उचलले जातात आणि थांबतात. ही त्रुटी नव्हे आणि त्यात कोणाचा अनादरही नाही, परंतु जिथे सर्वाधिक जवळीक अपेक्षित होती तिथेच आपण बाहेरचे आहोत हे शरीराला कळते, आणि भाषा न कळण्याने जे दुःख होते त्याहून हे अधिक आत जाते.

भाषेचा धक्काही मोठा नमुनेदार असतो. आखातात हिंदी, उर्दू, मल्याळी, बंगाली बोलणाऱ्या कामगारांनी आणि अरबी मालकांनी मिळून एक मोडकी, कामापुरती भाषा तयार केली आहे. तीत व्याकरण जवळजवळ नसते. अरबीतील 'मा फी', म्हणजे 'नाही', हा या भाषेतील सर्वाधिक कानी पडणारा शब्द असून, नवख्या मराठी माणसाला 'फुलूस माफी' ऐकून कोणी तरी क्षमा मागत आहे असे वाटते, प्रत्यक्षात पैसे नाहीत एवढेच सांगितलेले असते. मालक 'अरबाब', ज्याच्या नावावर व्हिसा निघाला तो जामीनदार 'कफील', सौदीतील वास्तव्याचा परवाना 'इकामा', किराणा दुकान 'बकाला', रोटी 'खुबूस' असे एकेक शब्द शिकत असताना हाक मारण्याची रीत मात्र हरवते. गावात जो कोणाचा चाचा, कोणाचा मामू, कोणाचा भाई असतो, तो तेथे 'सदीक' किंवा 'रफीक' होतो. दोन्हींचा अर्थ मित्र असा आहे, पण अनोळखी कामगाराला सरसकट तीच हाक मारली जात असल्याने त्या हाकेत नाते उरत नाही.

दिवसाची घडीही बदलते. कुवेतमध्ये १ जूनपासून ३१ ऑगस्टपर्यंत सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत उघड्यावर काम करण्यास मनाई आहे, त्यामुळे काम अंधारात सुरू होते आणि दुपार कामगारांच्या कॅम्पातील खोलीत, एकावर एक लावलेल्या पलंगांवर जाते. खाडीची भरती-ओहोटी पाहून दिवस मापणाऱ्या माणसाला हा दिवस ओळखू येत नाही. गुहागर परिसरातून गेलेल्या हिंदू कामगाराला गणपती आणि शिमगा चुकल्याची जी हुरहूर लागते, ती निकितिनच्या ईस्टरच्या हुरहुरीच्याच जातीची आहे.

येथे एक भेद ठामपणे करणे आवश्यक आहे. पगार अडकणे, पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवणे, करारातील काम एक आणि प्रत्यक्षातील दुसरे निघणे, हे सांस्कृतिक धक्क्याचे प्रकार नव्हेत. तो अन्याय आहे, आणि 'हळूहळू सवय होईल' असे सांगून त्यावर पांघरूण घालणे चुकीचे आहे. भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली कमी शिकलेल्या कामगारांना काही देशांत जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी घ्यावी लागते आणि २०१८ पासून प्रस्थानपूर्व मार्गदर्शनाचे वर्गही सुरू झाले आहेत. एका दिवसाच्या अशा वर्गात कायदा, बँक आणि दूतावासाची माहिती देता येते. हात अर्धवट उचलला जाऊन थांबण्याची तयारी त्यात होत नाही, ती आधी गेलेल्या गाववाल्याकडूनच होते. मुंबईत कोकणातील गावांनी चाकरमान्यांसाठी गावकीच्या खोल्या चालवल्या, त्यामागील शहाणपण हेच होते, आणि आखातातही एका गावचे लोक शक्यतो एकाच खोलीत राहतात.

न जाताही धक्का बसू शकतो, याचा अनुभव अंजनवेलने घेतला आहे. अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या जमिनीवर एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या पुढाकाराने दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बंदही पडला. कातळावर कुंपणे उभी राहिली, मच्छीमारांचा विरोध झाला, आणि गावकऱ्यांना आपल्याच गावात काही वाटा परक्या झाल्या. मालकी बदलून काळ लोटला, तरी त्या जागेला लोक 'एन्रॉन' असेच म्हणतात.

सांस्कृतिक धक्क्याच्या अभ्यासात सुरुवातीला इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची वक्ररेषा मानली जात असे, म्हणजे आरंभी कौतुक, मग घसरण, मग सावरणे. १९६३ मध्ये गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने तिला दुसरी घसरण जोडली, ती मायदेशी परतल्यानंतरची. कोकणातील घरांत ही दुसरी घसरण अधिक लांबते. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला माणूस घरचा पाहुणा असतो, त्याच्यासाठी मासळी निवडून आणली जाते, पण तो कायमचा परतला की घर त्याच्याविना चालायला शिकलेले असल्याचे त्याला दिसते. बँकेची पासबुके, मुलांच्या शाळेची फी, गवंड्याचा हिशेब, सोयरिकीची बोलणी हे सारे त्याच्या पत्नीने वीस-वीस वर्षे निभावलेले असते. तिच्या हातून ते काढून घेणे अन्यायाचे, आणि काहीच न करता पडवीत बसणे त्याला जड जाते. व्हिडिओ कॉलमुळे हे अंतर मिटल्यासारखे वाटते खरे, परंतु पडद्यावर घरातील चेहरे दिसतात, घरातील निर्णय दिसत नाहीत. परतलेल्याचे दुःख बोलून दाखवण्याची सोयही नसते, कारण गावाच्या दृष्टीने तो यशस्वी होऊन आलेला असतो. त्याच्या बोलण्यात 'खलास' आणि 'खल्लीवल्ली', म्हणजे 'जाऊ दे, सोड', हे शब्द मात्र कायमचे राहतात, आणि नातवंडे ते हसत उचलतात.

दाभोळहून निघालेला निकितिन त्व्हेरला पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या टिपणांत रशियनच्या मध्येच तुर्की, फारसी आणि अरबी शब्द येत राहतात, आणि सर्वांत शेवटची प्रार्थना, मायदेश जवळ आलेला असताना लिहिलेली, अरबी शब्दांत आहे.